पुन्हाकाकांनी एकदाच बघितलेले दिवे

आमच्या ह्यांना सगळी गल्ली पुन्हाकाका म्हणते. खरं नाव आता डॉक्टरच्या चिठ्ठीवरच काय ते उरलंय. नाव पडलं ते सवयीमुळे. कुठलंही काम झालं की हे म्हणणार, “पुन्हा एकदा बघू.” नळ बंद केला तरी परत पिळणार. शेजारी बाहेरगावी निघाले तर त्यांच्या दाराचं कुलूपसुद्धा हे जाऊन ओढून येणार. शेजारीण एकदा मला म्हणाली, “तुला पसंत करायलाही दोनदा आले होते का गं?” मी म्हटलं, “तिथं एकदाच आले. म्हणून तर मी इथं आहे.”

माझा तोंडाचा पट्टा असा चालू असतो. हे मुळातच कमी बोलणारे, त्यामुळे घरात दोघांच्या वाटणीचं मलाच बोलावं लागतं. आजही त्यांच्या वाटणीचं मीच बोलतेय, कारण ह्या गोष्टीबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत आणि मला गप्प बसवत नाही.

हे इलेक्ट्रिशियन. घरांची वायरिंग करण्यात जन्म गेला. आधी भिंतीवर पट्ट्या मारून वायर न्यायचे, मग भिंतीच्या आतून न्यायला लागले. अलीकडे लोकांना छतातले दिवे हवे असतात. फॉल्स सीलिंग करायचं, त्याला गोल भोकं पाडायची आणि त्यात दिवे असे बसवायचे की नुसता उजेड दिसावा. गिऱ्हाईक खाली उभं राहून “वा, काय छान दिसतंय” म्हणतं. ह्यांचं लक्ष तिकडे नसतंच. हे शिडीवर उभे राहून भोकातून वर बघत असतात, की कुठला जोड मोकळा लोंबतोय का, दिव्याच्या डोक्यावर वारा खेळायला जागा आहे का, आणि दिव्याच्या पत्र्याच्या अंगाला हिरवी वायर कसून बसवली आहे का. ती हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. “दिवा गिऱ्हाइकाचा, वरचं सगळं माझं,” असं म्हणतात.

आता हे अर्थिंग काय ते मी माझ्यासारख्या बाईला कळेल असं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोरीचं पाणी जायला एक पाइप असतो. तसा वीज परत जायला काळी वायर, म्हणजे न्यूट्रल. पण मोरी कधी तुंबली तर पाणी घरात शिरू नये म्हणून बाहेर काढून दिलेली दुसरी वाट, ती हिरवी वायर. ती थेट जमिनीत जायला हवी. आळशी माणूस काय करतो, हिरवी वायर जमिनीपर्यंत नेण्याचा त्रास वाचवतो आणि वरच्यावर तिला काळ्या वायरलाच जोडून टाकतो. म्हणजे दुसरी वाट पहिल्याच पाइपात नेऊन सोडली. रोज काही कळत नाही. काळ्या वायरचा जोड ज्या दिवशी निसटेल त्या दिवशी दिवा विझतो, आणि दिव्याचं पत्र्याचं अंग मात्र जिवंत होतं. विझलेल्या दिव्याला कोण घाबरतं? माणूस सरळ हात लावतो.

म्हणून ह्यांची तपासणी दोनदा. एक बल्ब लावलेला होल्डर आणि त्याला दोन वायरी, हा ह्यांचा टेस्ट लॅम्प. एक टोक फेजला, म्हणजे वीज आत आणणाऱ्या वायरला, एक हिरव्या वायरला. बल्ब पेटला की बाकीचे इलेक्ट्रिशियन म्हणतात, झालं, अर्थिंग आहे. हे म्हणतात, पुन्हा एकदा बघू. मेन बंद करून खाली बोर्डावर जातात, त्या दिव्यांचा न्यूट्रल सोडवतात, मेन चालू करून परत शिडी चढतात आणि बल्ब पुन्हा लावतात. अर्थिंग खरंच जमिनीत गेलं असेल तर बल्ब आताही पेटतो. कुणी हिरवी वायर काळीला बांधून ठेवली असेल तर पेटत नाही. लबाडी फक्त दुसऱ्या वेळी पकडली जाते.

पण ह्या पुन्हा बघण्यातून दोन माणसांना सूट होती. त्यातली एक मी. मी कुलूप लावलं की हे नुसतं विचारायचे, “लावलंस?” आणि जिना उतरायला लागायचे. इतक्या वर्षांत माझं कुलूप त्यांनी एकदाही ओढून बघितलं नाही. बायका दागिने मिरवतात, मी ते न ओढलेलं कुलूप मिरवायचे.

दुसरी सूट भावजींना. भावजी म्हणजे ह्यांचे जोडीदार, नात्याने कुणी नाहीत. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, त्याच्या शिव्या खाऊन मोठे झाले आणि मग जोडीनेच कामं घ्यायला लागले. हे घुमे, ते गोडबोले. गिऱ्हाईक भावजी पटवायचे, काम दोघं करायचे. ड्रिल मशीन दोघांत एक, कधी आमच्या माळ्यावर, कधी त्यांच्या. माझी मुलगी त्यांच्या खांद्यावर बसून मोठी झाली. ह्यांना ताप आला की तिला शाळेत सोडायला ते यायचे, आणि मला न विचारता स्वयंपाकघरात शिरून चहा ठेवायचे.

उस्तादाने दोघांना एक गोष्ट घालून दिली होती. जोडीदाराच्या कामावर बल्ब एकदा लावायचा, ती रीत. पण न्यूट्रल सोडवून दुसऱ्यांदा बघायचं नाही. ती तपासणी परक्याच्या कामाची. जोडीदाराच्या कामावर केली तर त्याचा अर्थ एकच, मला तू लबाड वाटतोस. आणि असं वाटत असेल तर जोडी मोडावी, तपासत बसू नये. मला हे तेव्हा फार थोर वाटायचं. आता वाटतं, उस्ताद मेला बरा सुटला.

मुलीने नवीन घर घेतलं. नवीन तिला, घर तसं जुनंच. तिला हॉलमध्ये छतातले दिवे हवे होते. ह्यांच्या मानेला तेव्हा पट्टा लागला होता. आयुष्यभर वर बघून बघून मणके झिजले, डॉक्टरने मान वर करून काम करायचं नाही म्हणून बजावलं होतं. हे कासावीस. स्वतःच्या मुलीचं घर आणि आपण खुर्चीवर. भावजी म्हणाले, “तू बस रे. पोरगी काय तुझी एकट्याची आहे?” हे ऐकून मी डोळे पुसले होते, आणि आज त्याची मला लाज वाटते.

काम झालं. सीलिंग पांढरंशुभ्र, भिंत मुलीने हौसेने निवडलेल्या फिकट पिवळ्या रंगाची, आणि गोल गोल उजेड. हे पट्टा काढून शिडी चढले, टेस्ट लॅम्प लावला. बल्ब पेटला. एकेक करून सगळ्या दिव्यांना लावला, सगळीकडे पेटला. मग हे खाली उतरले आणि बोर्डासमोर जाऊन उभे राहिले. हातात स्क्रूड्रायव्हर होता. भावजी पलीकडे खिडकीपाशी हात पुसत होते, पाठमोरे. ह्यांनी क्षणभर त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

“गळतीला पडणारा स्विच?” ह्यांनी विचारलं. करंट कुठे गळला तर आपोआप बंद होणारा तो स्विच, जुन्या बोर्डात नव्हता.

“बोर्ड बदलू तेव्हा बसवू की,” भावजी म्हणाले. “पळून चाललंय का घर?”

पुढे एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलीच्या हॉलमधले दिवे लुकलुकले आणि सगळे एकदम गेले. मुलगी स्वतः लोखंडी स्टूल घेऊन चढायला निघाली होती. तिलाही बापाची खोड, बघायला हवंच. जावई म्हणाले, “तू उतर, मी बघतो.” फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी. तोल सावरायला त्यांनी एका हाताने खिडकीचा गज धरला आणि दुसऱ्या हाताने विझलेल्या दिव्याची कडा धरून ओढली.

मुलगी सांगते, ते ओरडलेसुद्धा नाहीत. नुसते ताठ झाले. तिने स्टुलाला लाथ मारली म्हणून हात सुटला आणि ते खाली पडले. मनगट मोडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं, तळहात भाजला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. तिला हात न लावता लाथ मारायचं सुचलं ते लहानपणापासून बापाचं ऐकलं म्हणून. आता ह्यात बापाचं कौतुक करायचं की नाही ते मला कळत नव्हतं, कारण दिवे तपासून दिले होते बापानेच. विहीणबाई दवाखान्यातच म्हणाल्या, “घरात इलेक्ट्रिशियन असून ही तऱ्हा.” मी नेहमी एकाला दोन ऐकवणारी, त्या दिवशी खाली मान घालून जावयांची चादर सारखी करत बसले.

जावई घरी आल्यावर आम्ही सगळे त्या हॉलमध्ये जमलो. जावई हात गळ्यात बांधून सोफ्यावर, शेजारी मुलगी, दारात विहीणबाई हाताची घडी घालून. भावजींना ह्यांनीच बोलावलं होतं. ते आले, जावयांच्या पायाशी बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून “कसं वाटतंय, राजा?” म्हणाले. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. खोटं नव्हतं ते पाणी, हे मी आजही म्हणेन.

ह्यांनी मेन बंद केला. टेस्टरने बघितलं, पुन्हा बघितलं. बोर्डात दिव्यांच्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन वायर निसटली होती. एवढ्याने दिवे विझावेत, माणसाला झटका का बसावा? हे शिडीवर चढले. दिवा खाली ओढला. हिरवी वायर दिव्याच्या पत्र्याला व्यवस्थित स्क्रूने कसलेली होती. पुढचाही दिवा तसाच. वायर सीलिंगच्या आत पुढे पुढे जात होती. शेवटच्या भोकातून ह्यांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि एक जोड बाहेर ओढला.

हिरवी वायर आणि काळी वायर एकमेकींना पीळ देऊन बांधलेल्या. वर टेप. तिथून पुढे हिरवी वायर नव्हतीच. आणि टेपचं शेवटचं टोक जरासं आत दुमडलेलं, पुढे कुणाला उघडायची वेळ आली तर नखाला सापडावं म्हणून. ही उस्तादाची शिकवण. असा टेप सगळ्या गावात दोनच माणसं लावत होती, आणि दोन्ही त्या हॉलमध्ये होती.

हे शिडीवर बसून त्या टेपच्या टोकाकडे बघत राहिले. मग खाली न उतरताच विचारलं, “हे काय आहे?”

भावजी उठले. “अरे, हिरवी खालपर्यंत न्यायची म्हणजे भिंत फोडायला लागली असती. जुना पाइप भरलेला. पोरीने नुकता रंग लावून घेतलेला. म्हटलं, कशाला तिचा जीव खालीवर करायचा. करतात सगळे असं.”

“आपण करत नाही.”

“कामही अडून बसलं होतं पलीकडचं. एकटाच होतो मी. तू खुर्चीवर.”

इथपर्यंत मी ऐकून घेतलं असतं. माणूस थकतो, घाई करतो. हातून चूक झाली म्हणाले असते तर हे शिडीवरून उतरून त्यांच्या गळ्यात पडले असते, मी ओळखते ह्यांना. पण दारातून विहीणबाई म्हणाल्या, “म्हणजे हे काम कुणाच्या अंगावर?” आणि भावजींनी जावयांकडे बघितलं, विहीणबाईंकडे बघितलं, आणि वर तोंड करून म्हणाले, “मी वायर टाकली. पण तपासून पास कुणी केलं? पुन्हाकाकाच चढला होता ना शिडीवर? सगळ्यांसमोर बल्ब लावून बघितला. त्याने नाही म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी उकरून काढलं असतं.”

ह्याला म्हणतात केसाने गळा कापणं.

हे सावकाश उतरले. जोडाचा तुकडा हातातच होता. “मी दुसऱ्यांदा बघणार नाही, हे तुला माहीत होतं,” ते म्हणाले.

भावजींनी नजर खिडकीकडे वळवली.

“हिरवी न जोडता तशीच सोडली असतीस तर माझा बल्ब पेटला नसता. मी पकडलं असतं. काळीला बांधलीस, ती माझा बल्ब पेटावा म्हणून. दिवे लागायला ह्या जोडाची काहीच गरज नव्हती. हा जोड फक्त माझ्यासाठी आहे.”

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. आळसाने काम अर्धं सोडणं वेगळं. ह्या माणसाने शिडीवर बसून विचार केला होता, की माझा मित्र येईल, असा असा बल्ब लावेल, आणि पुढे माझा अपमान होईल म्हणून थांबेल. ह्यांच्या चांगुलपणाचं माप घेऊन त्या मापाचं खोटं शिवलं होतं. मुलीच्या घरात. जिला खांद्यावर खेळवलं तिच्या डोक्यावर.

मी म्हटलं, “भावजी, तुम्ही आता जा. आणि माझ्याकडे चहाला परत यायचं नाही.” त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान वळवली, पट्ट्यातल्या मानेला वळवता येईल तेवढी. भावजी चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी हे मानेचा पट्टा काढून छिन्नी हातोडा घेऊन मुलीकडे गेले. मी भांडले, मुलगी रडली, उपयोग शून्य. पिवळी भिंत वरून खालपर्यंत फोडली. नवा पाइप, नवी हिरवी वायर, एकेका दिव्यापासून बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून बाहेर जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत. सगळे जोड डबीत, झाकण उघडून बघता येतील असे. गळतीला पडणारा स्विच बसवला आणि त्याचं बटण दाबून तो पडतो का ते बघितलं. मग टेस्ट लॅम्प. मग न्यूट्रल सोडवून पुन्हा टेस्ट लॅम्प. बल्ब दोन्ही वेळा पेटला. विहीणबाई खुर्ची टाकून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, “आता तरी खात्री ना?” हे म्हणाले, “माझ्यावर ठेवू नका. दर थोड्या दिवसांनी ते बटण दाबून बघत जा.” असं उत्तर त्यांनी पूर्वी कुणालाही दिलं नसतं. पूर्वी म्हणायचे, मी बघितलंय, झोपा निवांत.

जावयांचा हात आता बरा आहे. मुलीच्या सासरी आमचं येणं-जाणं आहे. पण विहीणबाई अजून हॉलमधला दिवा लावताना चप्पल घालतात, आणि मी असले की जरा जास्तच आवाज करून घालतात. घालू दे बापडी.

ड्रिल मशीन आमच्या माळ्यावरच राहिलं. न्यायला कुणी आलं नाही आणि पोचवायला हे गेले नाहीत. जोडीने केलेल्या जुन्या घरांतून मात्र हे एकटेच फिरायला लागले. भावजींनी जिथे जिथे हात लावला होता तिथे जाऊन, चहापाणी न घेता, न्यूट्रल सोडवून बघून यायचे. मी विचारायचे, “काय निघालं?” तर म्हणायचे, “बरोबर आहे.” प्रत्येक घरी बरोबर. घरी यायचे ते आणखीच पडलेल्या चेहऱ्याने.

शेवटी आमचंच स्वयंपाकघर राहिलं. ओट्यावरचे छतातले दिवे भावजींनी बसवले होते, माझा वाढदिवस म्हणून, ह्यांना बाहेर पाठवून गुपचूप. एका दुपारी ह्यांनी शिडी लावली. मी ओट्याला टेकून उभी. मनात म्हणत होते, इथेही खोटं निघू दे. निघालं म्हणजे माणूस पहिल्यापासूनच तसला होता म्हणून सोडून देता येईल. ह्यांनी न्यूट्रल सोडवला, वर चढले, वायरी लावल्या.

बल्ब पेटला. लख्ख. हे शिडीवर बसले आणि बल्ब हातात धरून रडले. “येत होतं गं त्याला,” म्हणाले, “माझ्याइतकंच येत होतं.” मी शिडीचा पाय धरून उभी राहिले, दुसरं काय करणार.

त्यानंतर आठवडाभराने आम्ही मुलीकडे जायला निघालो. हे पायऱ्यांवर उभे, हातात पिशवी. मी दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली.

“लावलंस?” त्यांनी विचारलं.

“लावलं.”

मी दोन पायऱ्या उतरले. हे माझ्यामागून येत नव्हते. मागे वळून बघितलं तर हे परत दारापाशी गेले होते. पिशवी खाली ठेवली, कुलूप हातात धरलं आणि ओढलं. मग पुन्हा एकदा ओढलं. माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी उचलली आणि माझ्याशेजारून खाली उतरून गेले.

भांडायला मला कारण लागत नाही, सगळी गल्ली सांगेल. पण त्या दिवशी मी त्यांच्यामागून जिना उतरले आणि रिक्षात बसल्यावर त्यांच्या हातातली पिशवी माझ्या मांडीवर घेतली.